डिस्क भरते कशाने?

एक टीबीची नवी हार्ड डिस्क संगणकाला जोडली की पडद्यावर ९३१ जीबीच दिसतात, आणि म्हापशाच्या दुकानदाराने फसवल्याचा संशय पहिल्यांदा येतोच. दुकानदार निर्दोष असतो. डिस्क बनवणारे दहाच्या पटीत मोजतात, त्यांचा टीबी म्हणजे एकावर बारा शून्ये इतके बाइट. विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. माल तेवढाच, माप वेगळे. गंमत अशी की या ‘हरवलेल्या’ ६९ जीबींबद्दल माणूस महिनाभर कुरकुरतो, पण उरलेले ९३१ कशाने भरले हे त्याला विचारले तर सांगता येत नाही.

फुल एचडी चित्राच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट, सेकंदाला २४ फ्रेम. अडीच तासांचा चित्रपट असा जसाच्या तसा साठवायचा तर सुमारे १,३४० जीबी लागतील. ती कोरी डिस्क मध्यंतरानंतर अर्ध्या तासात भरून जाईल. प्रत्यक्षात तोच चित्रपट पाच-सहा जीबीत मावतो, कारण कोडेक नावाची गणिती करामत मधले बहुतेक सगळे वगळते. डोळ्याला उजेडातला फरक बारकाईने कळतो, रंगातला तितका नाही. म्हणून रंगाची माहिती आधीच पातळ केली जाते. मग एक फ्रेम पूर्ण लिहायची आणि पुढच्या अनेक फ्रेमसाठी फक्त बदल नोंदवायचा: हा चौकोन दोन ठिपके डावीकडे सरकला, तो तिथेच आहे. म्हणजे स्थिर गोष्टी जवळजवळ फुकट साठतात, हलणाऱ्यांची किंमत मोजावी लागते.

चित्रपटगृहात हा काटकसरीचा मार्ग नाही. २००४ पासून पणजीत भरणाऱ्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात आता दाखवले जाणारे चित्रपट ज्या डिजिटल पेटाऱ्यातून येतात, त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे आवळलेली असते आणि सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत मुभा असते. त्या दराने अडीच तासांचे २८० जीबी होतात.

आता पेडणे-डिचोलीकडे वळू. इथल्या घरांतल्या डिस्क उघडल्या तर हिंदी-मराठी चित्रपट आणि तियात्रांच्या जुन्या व्हीसीडींच्या प्रतींशेजारी एक फोल्डर हमखास सापडतो: जत्रेच्या रात्री मोबाइलवर धरलेले दशावतारी नाटक. कोडेकच्या दृष्टीने दशावतार म्हणजे सोपे गिऱ्हाईक. मागे एक पडदा, मध्ये बाकडे, बाजूला पेटी-मृदंग-झांजवाले. हलतो तो नट. पण हे खरे केव्हा, तर कॅमेरा तिवईवर असेल तेव्हा. हातात धरलेल्या मोबाइलमुळे पडद्यासकट सगळा मंच प्रत्येक फ्रेमला थोडा सरकतो आणि ‘तिथेच आहे’ असे काहीच उरत नाही. पाऊस आणि जुन्या फिल्मवरचे दाणे हे कोडेकचे सर्वांत मोठे वैरी, कारण त्यांच्या हालचालीला काही धरबंधच नाही.

शिवाय चित्रण करताना मोबाइल ही बचत करायच्या फंदात फारसा पडत नाही. तो साधारण ठरावीक दराने लिहीत सुटतो. फुल एचडीसाठी सेकंदाला १७ मेगाबिट धरले तर पाच तासांच्या नाटकाचे ३८ जीबी होतात. कोणी हौसेने फोर-के लावले आणि दर ४८ मेगाबिटवर गेला, तर १०८ जीबी. एका हंगामात नऊ-दहा जत्रा केल्या की टीबी संपला. चित्रपटांनी डिस्क भरली असे वाटत असते. भरलेली असते ती दशावतारातल्या संकासुराने.

मग पुन्हा आवळावे का? २००३ च्या एच-२६४ पेक्षा २०१३ ची एचईव्हीसी पद्धत तशाच दर्जाला साधारण निम्मी जागा घेते, २०१८ ची एव्ही-१ त्याहून कमी. जुना लॅपटॉप यासाठी रात्रभर तापतो आणि जुना टीव्ही नवी फाइल वाजवतच नाही, हे वेगळे. खरी अडचण अशी की वगळलेले परत येत नाही. एकदा आवळलेले पुन्हा आवळले की पहिल्या वेळच्या चुकांवर दुसऱ्या चुका चढतात.

म्हणून माझ्या मते कोणती फाइल मोठी आहे हा प्रश्नच दुय्यम आहे. कोणती फाइल पुन्हा मिळेल, हे आधी विचारावे. बाजारात, ओटीटीवर सहज मिळणारा चित्रपट निर्धास्तपणे आवळावा किंवा सरळ काढून टाकावा. दशावताराचे तसे नाही. त्याला लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, संवाद नट उभ्या उभ्या रचतात. मोचेमाडकर किंवा वालावलकर मंडळाने एका गावात रंगवलेले आख्यान दुसऱ्या गावात तेच नसते. तेव्हा तुमच्या मोबाइलवरची प्रत कदाचित जगातली एकमेव असेल. तीच काढून लोक सुपरहिट चित्रपटासाठी जागा करतात, हे मला अजब वाटते.

एकमेव प्रतीचे काय होते ते आपण पाहिले आहे. २४ एप्रिल १९५० रोजी अल जेरी ब्रागांझा यांचा ‘मोगाचो आंवडो’ हा पहिला कोकणी चित्रपट प्रदर्शित झाला; त्याची धड अख्खी प्रत आज पाहायला मिळत नाही. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ तर गेलाच. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट फिल्मची हजारो रिळे जळाली.

हार्ड डिस्क जळत नसली तरी मरते. फिरत्या तबकडीवरून तिचे वाचक टोक काही नॅनोमीटर उंचीवरून जाते; केस त्याहून हजारो पट जाड. साध्या डिस्कला हवेसाठी गाळणीचे बारीक छिद्र असते, आणि कपाटात पडून राहिलेल्या डिस्कला आपल्याकडची पावसाळी, किनाऱ्याजवळची खारट हवा मानवत नाही. एसीच्या खोलीतून काढून दमट ओसरीवर लगेच सुरू करणे टाळावे, आत दव धरू शकते. डिस्क वर्षातून दोन-तीनदा जोडून चालवून पाहावी. पेनड्राइव्ह आणि एसएसडीत तर माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास तो भार गळतो. तिथे एकमेव प्रत ठेवू नये.

दोन डिस्क एकाच कपाटात असल्या तर ती एकच प्रत समजावी. जुलै २०२१ च्या पुराने पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या घरांत पाणी शिरले तेव्हा ते कप्पे निवडून शिरले नाही. दोन प्रती दोन वेगळ्या साधनांवर आणि तिसरी दुसऱ्या गावी, नातेवाइकाकडे. क्लाउडही चालेल, पण सेकंदाला १० मेगाबिटने ३८ जीबी चढवायला साडेआठ तास लागतात, म्हणजे नाटकापेक्षा जास्त. यूट्यूबवर टाकलेली प्रत मात्र मूळ नव्हे. तिथे ती पुन्हा आवळली जाते.

प्रत केली की चेकसम काढावा. फाइलमधला एक बिट बदलला तरी बदलणारी ही छोटी आकडे-अक्षरांची खूण असते. वर्षाने पुन्हा काढून जुळली नाही तर चांगल्या प्रतीवरून दुरुस्ती करता येते. नाहीतर बिघडलेली फाइलच प्रत म्हणून पुढे जात राहते.

शेवटचे काम सर्वांत कमी जागेचे. मोबाइल फाइलला तारखेचे आकडे देतो, पण गाव, मंडळ, आख्यान, कोणी कोणते पात्र केले हे त्याला ठाऊक नसते. तेवढे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिले तर दोन केबीही होत नाहीत. आठवणारी माणसे घरात असताना, याच पावसाळ्यात, ते लिहून घ्यावे.