गतीकडून आकाराकडे : मानवी दृष्टीविषयीच्या संशोधनाचा आढावा

मानवी दृष्टीचा विचार करताना पहिली अडचण येते ती भूमितीची. बाहेरचे जग लांबी, रुंदी आणि खोली अशा तिन्ही मितींमध्ये पसरलेले असते. पण डोळ्याच्या आतील प्रकाशसंवेदी पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, त्याची केवळ दोन मितींतली प्रतिमा उमटते आणि खोलीची माहिती तेथेच हरवते. जवळची लहान वस्तू आणि दूरची मोठी वस्तू यांच्या प्रतिमा तंतोतंत सारख्या असू शकतात, तिरपी धरलेली गोल थाळी आणि समोर धरलेली लंबगोल थाळी यांत पडद्यापुरता काहीच फरक नसतो, आणि कोणत्याही एका प्रतिमेला कारण ठरू शकतील अशा बाह्य रचनांना गणतीच नाही. तरीही माणसाला एका वेळी एकच जग दिसते, आणि बहुतेक वेळा ते खरे निघते. योहानेस केप्लरने १६०४ मध्ये दृष्टिपटलावरची प्रतिमा उलटी असते असे मांडले आणि ती सुलट कशी दिसते हा प्रश्न प्रकाशशास्त्राच्या कक्षेबाहेरचा म्हणून इतरांवर सोपवला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झने त्याला जे उत्तर दिले, ते आजही या शास्त्राचा पाया आहे : पाहणे म्हणजे अपुऱ्या पुराव्यावरून, पाहणाऱ्याच्या नकळत, बाह्य जगाविषयी काढलेले अनुमान.

हा पुरावा किती अपुरा असतो याची कल्पना डोळ्याच्या रचनेवरून येते. प्रत्येक दृष्टिपटलात अंधुक उजेडात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या सुमारे ६० लाख शंकुपेशी असतात. परंतु मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत तंतू असतात ते केवळ १० ते १२ लाख. शिवाय स्वच्छ दिसते ते दृष्टिपटलाच्या मध्याजवळील एका छोट्या खळग्यापुरते, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या क्षेत्रापुरते. उरलेले सारे दृश्य अंधुक असते, आणि डोळा सेकंदाला सुमारे तीन उड्या मारत हे छोटे स्वच्छ क्षेत्र दृश्यभर फिरवीत राहतो. त्या उड्यांच्या वेळी होणारी प्रतिमेची घसरण जाणवत नाही, कारण तेवढ्यापुरती दृष्टीची संवेदनशीलता दबलेली असते. एकसंध, स्थिर आणि कडेपर्यंत स्पष्ट वाटणारे दृश्य हे अशा रीतीने मेंदूने जुळवलेले असते.

पाठ्यपुस्तकांत या जुळवणीचे वर्णन साधारणतः ठरलेल्या क्रमाने येते : आधी कडा आणि आकृतिबंध, मग वस्तू आणि तिचे आकारमान, आणि शेवटी तिची गती. शिकवण्याच्या सोयीसाठी हा क्रम ठीक आहे. परंतु गेल्या दोन दशकांतील संशोधन, आणि त्यातही भारतातील मुलांवर झालेले काम पाहिले, तर पाहायला शिकण्याचा क्रम बऱ्याच अंशी याच्या उलट असावा असे दिसते.

आकृतिबंधाविषयीचे ज्ञान विसाव्या शतकाच्या मध्याला एकदम पालटले. स्टीफन कफलर यांनी १९५३ मध्ये मांजराच्या दृष्टिपटलातील चेतापेशींचा अभ्यास करून दाखवले की या पेशी नुसता प्रकाश मोजत नाहीत. एखाद्या पेशीच्या क्षेत्रातील मध्यभाग उजळला की ती उत्तेजित होते आणि भोवतालचे कडे उजळले की दबते, किंवा काही पेशींत याच्या नेमके उलट घडते. म्हणजेच मेंदूकडे जाते ती उजेडाच्या मापापेक्षा शेजारच्या उजेडांतील फरकाची वार्ता. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस हाच धागा मेंदूच्या मागच्या भागातील दृष्टिबाह्यकापर्यंत नेला. पडद्यावर टाकलेल्या ठिपक्यांना तेथील पेशी दाद देत नव्हत्या. पण काचपट्टी यंत्रात सरकवताना तिच्या कडेची सावली पडद्यावरून पुढे सरकली आणि एक पेशी जोमाने स्पंदू लागली. विशिष्ट कोनात असलेल्या कडेलाच प्रतिसाद देणाऱ्या पेशी असतात हे या योगायोगातून कळले आणि १९८१ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. या प्रसंगातील एका तपशिलाकडे सहसा दुर्लक्ष होते : ती सावली सरकणारी होती. दृष्टिबाह्यकातील अनेक पेशी स्थिर रेषेपेक्षा हलत्या रेषेला कितीतरी अधिक प्रतिसाद देतात, त्यामुळे आकृतिबंध आणि गती हे विषय मेंदूत पहिल्या पायरीपासूनच एकमेकांत मिसळलेले आहेत.

नुसत्या कडा सापडून भागत नाही. कोणती कड कोणाची, हे ठरवावे लागते. माक्स वेर्टहायमर आणि त्याच्या गेस्टाल्ट पंथातील सहकाऱ्यांनी, म्हणजे अवयवांपेक्षा समग्र आकृतीला प्राधान्य देणाऱ्या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी, या प्रश्नाला हात घातला. १९२३ मध्ये वेर्टहायमरने गटबांधणीची तत्त्वे मांडली. जवळचे ठिपके एका गटाचे वाटतात, सारख्या रंगाचे एका गटाचे वाटतात, रेषा वळण न मोडता पुढे जाते असे गृहीत धरले जाते. ठिपक्यांची रांगोळी जोडण्यापूर्वीच डोळा त्या ठिपक्यांमध्ये ओळी आणि चौकोन पाहू लागतो तो याच प्रवृत्तीमुळे. याच यादीत ‘समान गंतव्य’ हे तत्त्वही आहे : जे घटक एकाच दिशेने एकाच वेगाने सरकतात ते एका वस्तूचे समजले जातात. इतर तत्त्वांच्या मानाने हे तत्त्व फार बलवान आहे, कारण झाडीत स्थिर बसलेला, पानांच्याच रंगाचा पक्षी जवळिकीच्या वा साम्याच्या नियमाने वेगळा काढता येत नाही, पण तो हलला की क्षणात वेगळा होतो. इटालियन मानसशास्त्रज्ञ गाएतानो कानिझाने १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकृतीत तीन कापलेल्या चकत्या अशा मांडलेल्या आहेत की मध्ये एक पांढराशुभ्र त्रिकोण स्पष्ट दिसतो, जरी त्याच्या कडांच्या जागी कागदावर काहीच नसते. अशा कल्पित कडांनाही माकडाच्या दृष्टिबाह्यकातील दुसऱ्या टप्प्यातील काही पेशी प्रतिसाद देतात असे १९८४ मध्ये आढळले. अनुमान हा शब्द त्यामुळे केवळ तत्त्वज्ञानाचा राहिला नाही.

आकारमानाची चर्चा याहून कितीतरी जुनी आहे. अकराव्या शतकात इब्न अल-हैसम या अरब पंडिताने ‘किताब अल-मनाझिर’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की वस्तूने डोळ्याशी केलेला कोन एवढ्यावरून तिचे आकारमान ठरत नाही, तर तो कोन आणि वस्तूचे अंतर यांचा एकत्रित विचार करून मन ते ठरवते. माणूस दुप्पट दूर गेला की त्याची प्रतिमा निम्मी होते, तरी तो बुटका झालेला दिसत नाही. या गुणाला आकारमानाचे स्थैर्य म्हणतात. १९४१ मध्ये होलवे आणि बोरिंग यांनी केलेल्या प्रयोगात लांब बोळांमध्ये वेगवेगळ्या अंतरांवर चकत्या ठेवून निरीक्षकांना त्यांचे माप जुळवायला सांगितले गेले. अंतराच्या खुणा भरपूर असताना उत्तरे खऱ्या मापाच्या जवळ आली, आणि एका डोळ्याने, बारीक छिद्रातून व पडदे लावून पाहायला लावले तेव्हा ती दृष्टिपटलावरच्या कोनाकडे घसरली. म्हणजे स्थैर्य हे अंतराच्या अंदाजावर उभे असते आणि तो अंदाज चुकला की मापही चुकते. क्षितिजावरचा चंद्र मोठा का दिसतो याचे प्रचलित स्पष्टीकरण यावरच आधारलेले आहे. चंद्राचा कोन सर्वत्र सुमारे अर्धा अंशच असतो, पण क्षितिज माथ्यापेक्षा दूरचे वाटत असल्याने तोच कोन मोठ्या वस्तूचा समजला जातो. स्पष्टीकरण देखणे आहे, मात्र त्यात एक अडचण उरतेच : विचारले असता बहुतेक लोक तो मोठा चंद्र जवळचा वाटतो असे सांगतात.

अंतराच्या अंदाजातून होणारे असे भ्रम माणूस अनुभवातून शिकतो की जन्मतःच घेऊन येतो, या वादाने शतकभर मानसशास्त्रज्ञांना गुंतवून ठेवले. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स याने १८९८ मधील केंब्रिजच्या टॉरेस सामुद्रधुनी मोहिमेत तेथील बेटवासीयांची आणि पुढे निलगिरीतील तोडा लोकांची चाचणी घेतली, तेव्हा म्युलर-लायर आकृतीत, म्हणजे टोकांना आत किंवा बाहेर वळलेले बाण जोडलेल्या दोन समान रेषांच्या आकृतीत, हे लोक इंग्रज निरीक्षकांपेक्षा कमी फसतात असे त्याला आढळले. १९६६ मध्ये सीगल, कॅम्पबेल आणि हर्सकोविट्स यांनी अनेक समाजांतील तुलना प्रसिद्ध करून असे सुचवले की काटकोनी भिंती, दारे आणि छते यांच्या जगात वाढलेली माणसे अशा टोकांना खोलीच्या कोपऱ्यासारखे वाचायला शिकतात, म्हणून अधिक फसतात. ही कल्पना इतकी पटण्याजोगी होती की ती बराच काळ सिद्धान्तासारखी वावरली.

गतीच्या अभ्यासाची सुरुवात एका साध्या प्रश्नाने झाली : गती ही दोन क्षणांतील दोन जागांची तुलना करून काढलेला निष्कर्ष आहे की स्वतंत्र संवेदना? सिग्मुंड एक्स्नरने १८७५ मध्ये दोन विद्युत् ठिणग्या एकापाठोपाठ पाडून दाखवले की कोणती आधी पडली हे सांगता येणार नाही इतक्या थोड्या कालांतरानेही ठिणगी सरकल्याची जाणीव होते. १९१२ मध्ये वेर्टहायमरने स्थिर रेषांवर हाच प्रयोग केला. एका रेषेनंतर सुमारे २०० मिलिसेकंदांनी दुसरी दाखवली तर दोन वेगळ्या रेषा, सुमारे ३० मिलिसेकंदांनी दाखवली तर दोन्ही एकदमच, आणि ६० च्या आसपास दाखवली तर एकच रेषा इकडून तिकडे गेलेली दिसते. चित्रपट शक्य होतो तो या घटनेमुळे. डोळ्यात प्रतिमा काही काळ रेंगाळते म्हणून पडद्यावरची चित्रे हलतात, हे मराठीतील चित्रपटविषयक लेखनातही वारंवार येणारे स्पष्टीकरण अपुरे आहे, कारण नुसती रेंगाळ असती तर एकावर एक चढलेल्या प्रतिमांचा गोंधळ दिसला असता. रेंगाळण्याचा संबंध लुकलुक न जाणवण्याशी आहे; म्हणूनच सेकंदाला २४ चौकटी गतीला पुरेशा असूनही प्रक्षेपकाची झडप प्रत्येक चौकट दोनदा किंवा तीनदा उजळते. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला, तेव्हा त्यांनी या घटनेच्या दुसऱ्या टोकाला स्पर्श केला होता. गतीची संवेदना जागवायला बदलाचा वेग एका मर्यादेत असावा लागतो. त्याखालची गती, उदाहरणार्थ रोपाची किंवा घड्याळाच्या तासकाट्याची, केवळ तर्काने कळते.

गती ही स्वतंत्र संवेदना असल्याचा सर्वांत ठसठशीत पुरावा एका आजारातून मिळाला. १९८३ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी एका स्त्री रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. मेंदूच्या दोन्ही बाजूंना विशिष्ट ठिकाणी इजा झाल्यानंतर तिला रंग, आकार आणि वस्तू ओळखता येत होत्या, पण गती दिसत नव्हती. कपात ओतलेल्या चहाची धार गोठलेली वाटे, आणि दूर असलेली मोटार मधले अंतर न कापता एकदम अंगावर आलेली दिसे. याच सुमारास माकडांच्या मेंदूत, तशाच भागात, विशिष्ट दिशेच्या गतीलाच प्रतिसाद देणाऱ्या पेशींचे क्षेत्र अभ्यासले जात होते. एका दिशेच्या पेशी दीर्घकाळ उत्तेजित राहून मंदावल्या की विरुद्ध दिशेचे पारडे जड होते, आणि धबधब्याकडे बराच वेळ पाहून नजर बाजूच्या खडकावर वळवली की खडक वर चढताना दिसतो. वर चढूनही तो जागा मात्र सोडत नाही. गती आणि स्थान यांचा हिशेब वेगवेगळा ठेवला जातो याची एवढी सोपी खूण दुसरी नसेल.

गती आणि आकारमान यांची सांगड बिघडली तर जिवावर बेतू शकते. मोठी वस्तू त्याच वेगाच्या लहान वस्तूपेक्षा संथ वाटते, आणि फाटकावरचे वाहनचालक आगगाडीच्या वेगाचा अंदाज कमी करतात यामागे हे एक कारण असावे असे हर्शेल लीबोविट्झ यांनी १९८५ मध्ये सुचवले. याउलट कुशल दृष्टी गतीच्या पुढे धावते. माइकल लँड आणि पीटर मॅक्लिऑड यांनी २००० मध्ये फलंदाजांच्या नजरेचा माग घेतला, तेव्हा चेंडू हातातून सुटताच काही क्षणांत डोळे चेंडूला सोडून, तो जेथे टप्पा घेणार त्या जागी आधीच जाऊन थांबतात असे दिसले. आणि फलंदाज जितका सरस, तितकी ही झेप लवकर. चेंडूवरून नजर न हटवण्याचा प्रशिक्षकांचा उपदेश डोळे स्वतः पाळत नाहीत.

या साऱ्या धाग्यांना एकत्र आणणारे काम दिल्लीत झाले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक पवन सिन्हा यांनी सुरू केलेल्या ‘प्रकाश’ प्रकल्पात जन्मतः मोतीबिंदू असलेल्या, आणि म्हणून वर्षानुवर्षे दृष्टीला मुकलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया होतात, आणि त्यानंतर त्यांची दृष्टी कशी घडत जाते याचा अभ्यास केला जातो. विल्यम मॉलिन्यू याने १६८८ मध्ये जॉन लॉकला विचारले होते की स्पर्शाने घन आणि गोल ओळखणाऱ्या जन्मांधाला दृष्टी आली तर त्याला ते नुसते पाहून ओळखता येतील का. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच मुलांच्या चाचण्यांतून याचे उत्तर मिळाले : लगेच नाही, पण थोड्याच दिवसांत येऊ लागते. २०१५ मध्ये नऊ मुलांच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. रेल्वेच्या रुळांसारख्या एकत्र येणाऱ्या रेषांवर आधारलेला पॉन्झो भ्रम आणि म्युलर-लायर भ्रम, दोन्ही या मुलांना दृष्टी येताच झाले. एवढ्या अवधीत काटकोनी भिंती पाहून काही शिकणे शक्यच नव्हते. समाजासमाजांत रिव्हर्सला आढळलेला फरक यामुळे खोटा ठरत नाही. परंतु भोवतालचा अनुभव हा भ्रमाचे मूळ आहे असे आता म्हणता येत नाही, फार तर तो त्याची मात्रा बदलत असावा.

आकृतिबंधाच्या बाबतीत निष्कर्ष वेगळा निघाला. उशिरा दृष्टी आलेल्या तिघांवरील, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकमेकांवर आलेले वर्तुळ आणि चौकोन दाखवले असता त्यांना दोन आकृत्या न दिसता तुकडे दिसत. छायाचित्रात सावलीची कड किंवा रंगाचा पट्टा ही त्यांना वेगळी वस्तू वाटे. मात्र त्याच आकृत्या वेगवेगळ्या सरकू लागल्या की तुकडे जुळत आणि वस्तू ओळखू येत. महिन्यांमागून महिने गेल्यावर स्थिर चित्रांतही हे जमू लागले. जवळीक, साम्य, वळणाचे सातत्य ही वेर्टहायमरची इतर तत्त्वे कदाचित समान गंतव्याच्या हाताखाली शिकली जात असावीत, असा याचा अर्थ लागतो. अवघ्या तिघांवरून सर्वांसाठी निष्कर्ष काढणे धाडसाचे असले, तरी तान्ह्या मुलांवरचे प्रयोगही याच दिशेने बोट दाखवतात.

मांजराच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीच्या आठवड्यांत झाकून ठेवला तर त्याची दृष्टी कायमची बिघडते, हे ह्यूबेल आणि वीझल यांनी १९६० च्या दशकात दाखवले होते, आणि त्यावरून मोठ्या मुलांचा जन्मजात मोतीबिंदू काढून उपयोग नाही असा समज वैद्यकात रुजला. ‘प्रकाश’मधील मुलांची नजर पूर्ण तीक्ष्ण होत नाही हे खरे, पण फिकट आणि गडद यांतील फरक ओळखण्याची शक्ती त्यांच्यापैकी अनेकांत शस्त्रक्रियेनंतरही सुधारत राहते. त्यांना चेहरे ओळखणे मात्र दीर्घकाळ जड जाते. सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये याचे एक अनपेक्षित कारण सुचवले. नवजात बालकाची दृष्टी अतिशय धूसर असते, त्यामुळे त्याला चेहऱ्याचे बारकावे सोडून संपूर्ण रचनाच पाहावी लागते. उशिरा दृष्टी आलेल्या मुलाला हा धूसर काळ मिळतच नाही. संगणकीय जाळ्यांना आधी अस्पष्ट आणि मग स्पष्ट चेहरे दाखवून त्यांनी ही कल्पना तपासली, तेव्हा सुरुवातीपासून स्पष्ट चित्रांवर शिकलेल्या जाळ्यांपेक्षा ती जाळी चेहरे ओळखण्यात सरस ठरली.