जीवनदायी नळी आणि स्वच्छतेची पंचसूत्री

भातलावणीच्या दिवसांत सिंधुदुर्गातील एखाद्या शेतकऱ्यास लेप्टोस्पायरोसिस होतो, प्रकृती ढासळते आणि त्यास ओरोस, कोल्हापूर वा गोव्यातील बांबोळी येथील अतिदक्षता विभागात हलवावे लागते. तेथे मानेतून, गळपट्टीच्या हाडाखालून अथवा जांघेतून मोठ्या नीलेत बारीक नळी घालतात. तीव्र औषधे तिच्यातूनच दिली जातात.

मात्र हाच मार्ग जंतूंनाही खुला होतो. त्वचेवरील जंतू नळीच्या बाहेरील बाजूने, तर अस्वच्छ हातांवरील जंतू तिच्या जोडतोंडातून रक्तात उतरतात. नळीवर त्यांचा चिकट थर साचला की प्रतिजैविकांचा प्रभाव तेथे कमी पडतो. थंडी वाजून ताप येतो आणि रुग्णाच्या जिवास नवा धोका उद्भवतो.

यावरील उपाय खर्चिक नाहीत. हात धुणे, नळी घालताना निर्जंतुक आवरणांचा पूर्ण वापर, क्लोरहेक्सिडिनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेची जागा टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे, ही ती पंचसूत्री होय. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शंभरावर अतिदक्षता विभागांनी ती पाळली. अठरा महिन्यांत असा संसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले.

२०२१ साली सिंधुदुर्गास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय लाभले. उपचार जवळ आले, तशी नातेवाइकांची जबाबदारीही वाढली. हात धुतल्याविना रुग्णास स्पर्श करू नये, नळीस हात लावू नये आणि ‘नळीची गरज अजून आहे काय?’ असे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती गावोगावी पोहोचविल्यास अनेकांचे प्राण वाचू शकतील.