सल्ल्याआधी कान

लातूरचा उद्योग भवन परिसर असो वा नांदेडचे श्यामनगर, ‘नीट’च्या तयारीसाठी गावाकडून आलेली मुले येथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. कित्येक खोल्यांत त्यांच्यासोबत आजी किंवा आजोबाही असतात. आईवडील शेतीत वा नोकरीत गुंतलेले; म्हणून अकरावी-बारावीची दोन वर्षे मुलांचे जेवणखाण आणि झोप सांभाळण्याचे काम ज्येष्ठांकडे येते. या कामातील सर्वांत अवघड भाग मात्र संध्याकाळच्या बोलण्याचा असतो.

शिकवणीत एक जण सांगतो आणि बाकीचे उतरवून घेतात. धीर देणारे संभाषण याच्या उलट चालते. येथे विचारणारा कमी बोलतो आणि समोरचा बोलता बोलता स्वतःच वाट शोधतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मद्यपानाची समस्या असलेल्यांसाठी अशी संवादपद्धती मांडली. पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह ती विकसित केली. चूक दिसताच ती दुरुस्त करण्याची आपली ओढ आवरावी, हे तिचे एक मुख्य सूत्र. दडपण आणले की माणूस बहुधा न बदलण्याचीच कारणे सांगू लागतो.

अशा संभाषणात बाहेरचे व्यत्यय लगेच ओळखू येतात: चालू टीव्ही, कूलरची घरघर, हातातला मोबाइल. वयपरत्वे ऐकू कमी येऊ लागते, तेव्हा बहुधा उंच पट्टीतले ध्वनी आधी हरवतात. ‘स’सारखी व्यंजने निसटतात. त्यात गोंगाट असला, की आवाज येतो, पण शब्द कळत नाही. म्हणून टीव्ही बंद करावा, समोरासमोर बसावे, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड असावा. श्रवणयंत्र असल्यास लावावे. नातवंडांनीही ओरडण्याऐवजी सावकाश, स्पष्ट बोलावे.

आतला व्यत्यय अधिक चिवट असतो. नातू म्हणतो, “आजी, आज फिजिक्सचा पेपर अवघड गेला.” त्याचे वाक्य संपण्याआधीच आपल्या मनात उत्तर तयार असते: रात्री मोबाइल पाहतोस, पहाटे उठत नाहीस, बापानं कर्ज काढून फी भरली! यातला शब्द न् शब्द खरा असेलही. पण त्या क्षणी आपण नातवाचे नव्हे, आपल्याच काळजीचे ऐकत असतो. त्याऐवजी “काय झालं, सांग बरं,” एवढेच म्हणून थांबावे. मधली शांतता भरून काढण्याची घाई नको. मन भरकटलेच, तर “लक्ष जरा दुसरीकडं गेलं बाळा, पुन्हा सांग,” असे म्हणण्यात कमीपणा नाही. शेवटी त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगून विचारावे, “आता तुला काय करावंसं वाटतं?”

सल्ला देऊच नये असे नाही. “एक सुचतंय, सांगू का?” असे विचारून दिलेला सल्ला ऐकून घेतला जाण्याची शक्यता अधिक.

मात्र झोप उडाली, जेवण तुटले किंवा ‘जगून काय उपयोग’ अशी भाषा आली, तर केवळ ऐकणे पुरेसे नाही. मुलाला एकटे सोडू नये. आईवडिलांना कळवावे आणि तातडीने डॉक्टरांना गाठावे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे.

हीच रीत उलट बाजूनेही लागू पडते. आजोबा रक्तदाबाची गोळी का टाळतात, हे विचारताना मुलासुनेनेही उपदेश क्षणभर बाजूला ठेवावा. गोळीने चक्कर येते, हे त्यांना सांगायचे असेल. ते ऐकल्यावरच डॉक्टरांना नेमके काय विचारायचे, हे घराला कळेल.