ईकोचा वायरमन
मारुतीची ओम्नी १९८४ साली आली, तेव्हा तिच्या वायरिंगला एक टेस्ट लॅम्प पुरत असे. सेल्फ, हॉर्न, वायपर, दिवे. कुठली वायर मेली ते बल्ब सांगायचा. २०१० मध्ये ईको आली. २०१९ मध्ये तिच्यात एबीएस आणि चालकाची एअरबॅग आली, २०२५ मध्ये एअरबॅग सहा झाल्या. शाळेची मुलं, रुग्ण, किराणा, वऱ्हाड असं सगळं वाहणाऱ्या या गाडीमुळे वायरमन हा गॅरेजमधला सर्वांत जबाबदार माणूस झाला आहे, असं मला मनापासून वाटतं.

एअरबॅगचा दिवा लागून राहिला की डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावतात. स्कॅनर सांगतो, चालकाच्या एअरबॅगच्या सर्किटमध्ये रेझिस्टन्स जास्त आहे. बरेच जण इथेच थांबून नव्या एअरबॅगचा खर्च सांगतात. जाणता वायरमन आधी हॉर्न दाबून बघतो. हॉर्नही मुका असेल, तर संशय स्टिअरिंगमागच्या क्लॉक स्प्रिंगवर जातो. फिरणारं स्टिअरिंग आणि स्थिर वायरिंग यांना जोडणारी ही गुंडाळलेली चपटी पट्टी. कोणीतरी स्टिअरिंग काढून परत बसवताना ती मध्यावर आणली नाही, तर चाकं पूर्ण वळवताना ती ताणून तुटते.

यापुढचं काम शिस्तीचं. चावी बंद करायची, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग फुगावी म्हणून तिच्या कंट्रोल मॉड्यूलच्या कपॅसिटरमध्ये वीज साठवलेली असते; ती उतरू द्यावी लागते. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला टेस्ट लॅम्प लावायचा नाही, तिच्या टोकांवर साधा मीटरही नाही, कारण तेवढ्या करंटनेही ती फुटू शकते. एअरबॅगच्या जागी साधारण दोन ओहमचा रेझिस्टर जोडून तपासतात: फॉल्ट गेला तर दोष एअरबॅगमध्ये, राहिला तर वायरिंगमध्ये.

बाकीचे पुष्कळ फॉल्ट अर्थिंगचे. कोकणातल्या खाऱ्या हवेत बोल्टखाली गंज धरतो, दिवे मंद होतात, सेन्सर चुकीचं सांगू लागतात. तिथे वायर बदलण्याआधी लोड चालू ठेवून बॅटरीचं निगेटिव्ह आणि बॉडी यांच्यातला व्होल्टेज मोजावा. तो ०.२ व्होल्टच्या वर गेला, तर आधी बोल्ट घासून घट्ट करावा. त्यातच म्युझिक सिस्टिम, कॅमेरा, जादा दिवे यांसाठी मूळ वायर सोलून मारलेले जोड असतात. तेही शोधावे लागतात.

एअरबॅगच्या तपासणीचा तोच रेझिस्टर गाडीत कायमचा ठेवून दिवा विझवणारेही आहेत. दिवा विझतो, एअरबॅग मात्र उघडत नाही. मुलांना बसवून केलेली ही फसवणूक आहे, आणि तिला दुरुस्ती म्हणू नये.

तुमचं मूल व्हॅनने शाळेत जात असेल, तर व्हॅनच्या काकांना एकदा चावी फिरवायला सांगा. एअरबॅग असलेल्या गाडीत तिचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागतच नसेल किंवा विझत नसेल, तर गाडी आधी तपासून घ्यायला लावा.