अनुस्वार की डाग?

गेल्या महिन्यात एका जुन्या ग्रंथालयाच्या ग्रंथपालबाई माझ्याकडे आल्या. वर्धापनदिन तोंडावर आला होता आणि १० फुटी फ्लेक्सवर संस्थेचे बोधचिन्ह छापायचे होते. चिन्ह तसे साधेच. एक समई आणि तिच्याखाली कमानीत बसवलेला ‘ग्रंथालय’ हा शब्द. जुन्या पत्रावरून कोणीतरी मोबाइलमध्ये टिपलेले चित्र त्यांनी पुढे केले. ‘‘एवढंच मोठं करून द्या.’’

हे ‘एवढंच’ फार फसवे असते. चित्र २०० बाय २०० ठिपक्यांचे. इंचाला ३०० ठिपके धरून छापले तर जेमतेम १७ मिलिमीटरचे. तेच १० फुटांवर ताणले की एकेक ठिपका दीड सेंटीमीटरचा होतो आणि समईच्या जागी फरशा दिसू लागतात.

म्हणून असे चित्र रेषांत उतरवावे लागते. आमच्या धंद्यात त्याला ‘ट्रेस करणे’ म्हणतात. इथे ठिपके साठवायचे नसतात, वळणाचे गणित साठवायचे असते. वळणाची दोन टोके आणि त्याला ओढ देणारे दोन बिंदू, एवढ्यावर काम भागते. मग चिन्ह पेनवर छापा नाहीतर भिंतीवर, कड तितकीच धारदार. ही वळणे आली मोटारींच्या कारखान्यांतून. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ साली त्यांची रीत शोधली, पण कंपनीने ती गुपित ठेवली. रेनो कंपनीतले पिएर बेझिए स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले, त्यांनी ती जगापुढे मांडली, आणि वळणांना नाव त्यांचे लागले. १९८७ साली अडोबीच्या ‘इलस्ट्रेटर’ने ती चित्रकाराच्या टेबलावर आणली.

आता एक कळ दाबली की संगणक स्वतःच ट्रेस करून देतो. घाईत मीही ती दाबली. समई बरी आली, पण शब्द झाला ‘ग्रथालय’! बारीक ठिपका म्हणजे धूळ, असे समजून संगणकाने अनुस्वार पुसला होता. शेजारचा शाईचा डाग मात्र आकाराने मोठा, म्हणून तो सुबक कडेनिशी शाबूत. ‘थ’ची पोकळी बुजलेली. धूळ गाळण्याचे प्रमाण कमी केले, तर अनुस्वार परतला खरा, पण सोबत सगळी धूळ घेऊन. यंत्राला काळे-पांढरे कळते, अक्षर कळत नाही.

मी बाईंना वर्गणीची एखादी जुनी पावती शोधायला सांगितली. दोन दिवसांनी मिळाली, खिळ्यांच्या छपाईच्या काळातली, ब्लॉकवरून छापलेली. भिंगाखाली धरली तेव्हा अक्षरांची जाड-बारीक वळणे स्पष्ट दिसली. मग एकेक वळण हाताने घेतले. बिंदू ठेवायचे ते वळणाच्या टोकाला, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. वर्तुळाला चार पुरतात. बिंदू वाढवले की रेघ थरथरू लागते.

शेवटी राहिली ज्योत. ती डावीकडे कललेली होती. ‘‘चुकलंय ते, सरळ करून टाका,’’ बाई म्हणाल्या. एका क्षणाचे काम होते. पण पावती पाहिली, तर समईचा दांडा काटेकोर उभा आणि वातीचा धूरही डावीकडेच वळलेला. मोबाइलमधल्या चित्रात तो धूर पुसट होऊन नाहीसा झाला होता. म्हणजे चित्रकाराचा हात चुकला नव्हता, त्याने वारा काढला होता. मी ज्योत कललेलीच ठेवली आणि धूर परत आणला.

बाईंना फाइल दिली, आणि पावती पाकिटात घालून कपाटात ठेवायला सांगितली. पुढे कोणालाही हे चिन्ह पुन्हा रेखाटावे लागेल. तेव्हा डाग कुठला आणि अनुस्वार कुठला, हे त्याला त्या पावतीलाच विचारावे लागेल.