सोळाची रिम आणि सतराचा मोह
लेखमाला : चाकांखालचं गणित – लेखांक ६

फोक्सवॅगनने २०१३ साली पोलो जीटी टीएसआय भारतात आणली तेव्हा तिच्या पायात १८५/६० आर १५ टायर होते. चाकणला बनलेली, १२०० सीसीची, १०५ पीएसची ही छोटी पण तिखट गाडी. पुढे कंपनीनेच तिला सोळा इंची अलॉय आणि १९५/५५ आर १६ टायर दिले. २०२२ मध्ये पोलोचं इथलं उत्पादन थांबलं, पण बेळगाव, निपाणी, चिकोडी, कोल्हापूर या पट्ट्यात सेकंडहँड जीटी शोधणारी पोरं काही थांबलेली नाहीत. पाटी केए २२ असो, केए २३ असो की एमएच ०९, गाडी दारात आली की पहिला खर्च ठरलेला: सतराची अलॉय.

मागच्या लेखांकात ब्रेक पाहिले. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर. त्यामुळे वेगाच्या गाडीवर पैसे घालायचे तर ते इथेच घालावेत, हे पोरांचं म्हणणं बरोबरच आहे. प्रश्न एवढाच, की रबरावर घालायचे की धातूवर.

आधी टायरवरचे आकडे वाचू. १९५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे त्या रुंदीच्या ५५ टक्के उंचीची बाजूची भिंत, म्हणजे साधारण १०७ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल आणि १६ हा रिमचा व्यास, इंचांत. एकाच खुणेत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तिन्ही कोंबलेले; ही खिचडी जगभर चालते. आता हिशोब सोपा. रिमच्या व्यासात दोन भिंती मिळवल्या की पूर्ण चाकाचा व्यास निघतो. १८५/६० आर १५ चा येतो ६०३ मिलिमीटर, १९५/५५ आर १६ चा ६२१. दोन्हींत तीन टक्क्यांचा फरक. कंपनी असा बदल करते तेव्हा स्पीडोमीटरही जुळवून देते. दुकानात केलेल्या बदलानंतर ते काम कुणी करत नाही. म्हणून मूळ व्यासापासून दोन-तीन टक्क्यांच्या पलीकडे जाऊ नये, असा जुना दंडक आहे.

सतराला जायचं तर २०५/४५ आर १७ हा साइज व्यासाला बरोबर बसतो: ६१६ मिलिमीटर. कागदावर सगळं चोख. फक्त भिंत १०७ वरून ९२ वर आली. हे पंधरा मिलिमीटर कुठे गेले, ते काटा दाखवत नाही, खड्डा दाखवतो.

निपाणीच्या भोवतीची काळी जमीन तंबाखूला मानवते, रस्त्याला नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं डांबर लाटांसारखं वरखाली होतं. त्यात गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या दुहेरी ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर साइडपट्टीचे तुकडे पाडतात. राष्ट्रीय महामार्ग ४८ चं सहापदरीकरण निघाल्यापासून संकेश्वरच्या अलीकडे-पलीकडे डायव्हर्जनची सवय सगळ्यांनाच झाली. गुळगुळीत काँक्रीटवरून शंभरच्या वेगाने आलेली गाडी अचानक कडा तुटलेल्या डांबरावर उतरते आणि पुढचं डावं चाक त्या कडेवर आदळतं. उंच भिंतीचा टायर तिथे दबून सुटतो. बुटक्या भिंतीचा टायर रिमची कड आणि डांबराची कड यांत चिमटला जातो, आतले दोरे तुटतात आणि बाहेर लिंबाएवढा फुगा येतो. पंक्चरवाला त्यावर बोट फिरवतो आणि मान हलवतो. याला पॅच नाही, टायर टाकायचाच. रिमला पोचा पडला असेल तर तो खर्च निराळा.

पण पकड वाढते ना? इथे जरा थांबायला हवं, कारण या विषयातला सर्वात लाडका गैरसमज इथेच आहे. पोलोसारख्या गाडीच्या एका चाकावर ढोबळमानाने ३०० किलो भार येतो, असं धरू. हवा ३३ पीएसआय. भाराला दाबाने भागलं की रस्त्याला टेकलेल्या रबराचं क्षेत्रफळ येतं जवळपास १३० चौरस सेंटिमीटर, म्हणजे पसरलेल्या तळहाताच्या आसपास. टायर १८५ चा घ्या की २०५ चा, भार आणि हवा तीच असेल तर हे क्षेत्रफळ फारसं हलत नाही. बदलतो तो आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा आडवा. आडवा ठसा वळणावर बाजूने जास्त तग धरतो, स्टिअरिंग चटकन ऐकतं, आणि बुटकी भिंत कमी वाकल्यामुळे हे आणखी जाणवतं. तवंदी घाटातल्या वळणांवर सतराची गाडी खरोखरच नेमकी वाटते. ते नाकारण्यात अर्थ नाही.

तोच आडवा ठसा पाण्यावर मात्र उलटा पडतो, कारण रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. १९६३ मध्ये नासाच्या वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी विमानांच्या टायरांवरून एक सूत्र मांडलं: पीएसआयमधल्या हवेचं वर्गमूळ गुणिले नऊ, उत्तर नॉटमध्ये. त्यानुसार ३३ पीएसआयला खोल पाण्यावर टायर तरंगायला लागतो तो ताशी ९५ किलोमीटरच्या सुमारास. हवा २६ वर आली तर ८५ लाच. मोटारीच्या टायरची नक्षी चांगली खोल असेल तर थोडी जास्त उसंत मिळते, झिजली असेल तर मिळत नाही. चौपदरी महामार्गावर मोटारीला कायद्याने १०० ची मुभा आहे. जुलैत बेळगावहून चोर्ल्याच्या बाजूला किंवा आंबोलीकडे निघालेल्या माणसाने हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

मोठी रिम म्हणजे वेगवान गाडी, हे समीकरण मुळात कुठून आलं? १९७६ ची पहिली गोल्फ जीटीआय, ११० पीएसची, १७५/७० एचआर १३ वर धावायची. फॉर्म्युला वनच्या गाड्याही २०२१ पर्यंत १३ इंची रिमवरच होत्या. १८ इंची आल्या त्या २०२२ पासून. जागतिक रॅलीत तर एकाच गाडीला दोन मापं लागतात: डांबरावर १८ इंची, कच्च्यावर १५ इंची. कच्च्या रस्त्यावर ते रिम लहान आणि भिंत उंच का करतात, हे चिक्कमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांतली रॅली पाहिलेल्याला सांगावं लागत नाही. आणि हुपरीजवळच्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर जी गो-कार्ट पळते, तिला स्प्रिंग-शॉकअप काहीच नसतं. पाच इंची रिम आणि भोवतीचं रबर, एवढंच तिचं सस्पेन्शन. टायरची भिंत हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे, हे तिथे एक फेरी मारली की पाठीला कळतं.

वजनाचा मुद्दा दुकानात कुणी काढत नाही. दिसायला नाजूक असलेली स्वस्त सतराची अलॉय कंपनीच्या सोळाच्या अलॉयपेक्षा दोन-अडीच किलोंनी सहज जड भरते, आणि ते वजन स्प्रिंगच्या खाली, केंद्रापासून लांब फिरत असतं. ते फिरवायला इंजिनाला आणि थांबवायला ब्रेकला जादा कष्ट. रिमॅप करून मिळवलेला पिकअप असा चाकात विरतो. घेण्याआधी रिम वजनकाट्यावर ठेवायला सांगावं. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

माप जुळलं तरी रिम बसेलच असं नाही. पोलोच्या चाकाला १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट, मधलं भोक ५७.१ मिलिमीटर. बाजारातल्या रिमचं भोक बहुधा मोठं असतं, मग भार हबऐवजी बोल्टांवर जातो आणि ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरतं. कितीही बॅलन्सिंग करा, जात नाही. यावर उपाय म्हणजे मधली रिंग, आणि बेळगावकराला तिची अडचण नसावी: उद्यमबागेत लेथला तोटा नाही. माप मात्र व्हर्नियरने घ्यावं, अंदाजाने नव्हे. दुसरी गोष्ट ऑफसेट, रिमवर ‘ईटी’ लिहिलेलं असतं ते. सहा इंच रुंद रिमऐवजी सात इंची घेतली आणि ईटी तोच ठेवला तर आत-बाहेर दोन्हीकडे पावणेतेरा मिलिमीटर जागा जाते. आतून शॉकअपला घासायची भीती, तर ईटी कमी करून बाहेर काढली की चाक मडगार्डबाहेर डोकावतं आणि बेअरिंगवर ताण येतो.

भारांकही पाहायचा. १९५/५५ आर १६ वर ८७ असतं, म्हणजे एका टायरला ५४५ किलो. २०५/४५ आर १७ च्या साध्या टायरवर ८४, म्हणजे ५००. तिथे एक्स्ट्रा लोडचा ८८ चाच टायर मागावा. आकड्यापुढचं अक्षर वेगाचं: एच २१०, व्ही २४०.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांचा रोख एकच: कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल नको. हद्दीच्या अलीकडे-पलीकडे दोन राज्यांचे पोलिस, त्यामुळे सबब दोनदा सांगावी लागते. अपघातानंतर विमा कंपनी विचारते ते आणखी वेगळं.

मग करावं काय? पंधरावर असलेल्या जुन्या जीटीला कंपनीचाच १९५/५५ आर १६ घ्यावा, म्हणजे वरच्या मॉडेलचा साइज. आधीच सोळावर असेल तर साइज आहे तोच ठेवून चांगल्या पकडीचे चार टायर घ्यावेत. सतराच्या सेटमधून वाचलेल्या पैशात ते आरामात बसतात. घेताना भिंतीवरचा आयएसआय शिक्का आणि शेवटचे चार आकडे बघावेत: १२२५ म्हणजे २०२५ चा बारावा आठवडा. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला टायर ‘नवाच आहे साहेब’ म्हणून गळ्यात मारला जातो. आणि स्टेपनी जुन्या साइजची राहिली असेल तर ती लावल्यावर पुढचं पंक्चरचं दुकान येईपर्यंत सावकाश जावं, घाटात तर नक्कीच.

पुढच्या लेखांकात हवा आणि अलाइनमेंट.