युरियाच्या पोत्यामागील उष्णता आणि दाब

उसाला आपण जो युरिया घालतो, त्यात शेकडा 46 भाग नत्र असते. म्हणजे 45 किलोच्या पोत्यात सुमारे 20.7 किलो. हे नत्र मूळचे हवेतले. परंतु हवेतील नत्रवायू उसाच्या मुळांना जसाच्या तसा घेता येत नाही. म्हणून कारखान्यात त्याचा उज्जवायूशी, म्हणजेच हायड्रोजनशी, संयोग घडवून प्रथम अमोनिया करावा लागतो. मुंबईत ट्रॉम्बे येथे 1965 मध्ये खतांचा कारखाना सुरू झाला. पुढे अलिबागजवळ थळ येथेही झाला.

या संयोगात एक अडचण आहे. अमोनिया होऊ लागला की त्याचा काही भाग मोडून पुन्हा मूळचे वायू होतात. घडण्याचा व मोडण्याचा वेग सारखा झाला म्हणजे समतोल साधतो. कोल्हापुरास मंगळवार पेठेतील तालमीत बरोबरीची जोड भिडली, की दोघेही जागच्या जागी दिसतात. जोर मात्र दोघांचाही चालूच असतो. तसेच हे आहे.

तीन मापे उज्ज व एक माप नत्र, अशा चार मापांतून अमोनियाची दोनच मापे होतात. त्यामुळे दाब वाढविला की समतोल अमोनियाकडे झुकतो. उष्णतेचे उलट आहे. अमोनिया होताना उष्णता बाहेर पडते. म्हणून तापमान वाढविले की तो मोडू लागतो. वातावरणाच्या दोनशेपट दाबाखाली 400 अंश सेल्सिअसला समतोलात अमोनिया शेकडा सुमारे 38 असतो. 500 अंशांस तो 18 च्या आसपास उतरतो.

मग तापमान कमीच का ठेवू नये? कारण थंड वायूंचा संयोग फारच मंद होतो. लोखंडाचा उत्प्रेरक वापरूनही साधारण 400 ते 500 अंश लागतात. दाबही हवा तेवढा वाढविता येत नाही. त्याला जाड पोलादाची पात्रे आणि पुष्कळ इंधन लागते. हाबर यांनी 1909 मध्ये प्रयोगशाळेत आणि बॉश यांनी 1913 मध्ये जर्मनीतील कारखान्यात यातून वाट काढली. तयार झालेला अमोनिया थंड करून द्रवरूपात काढून घ्यावयाचा व उरलेले वायू पुन्हा भट्टीत सोडावयाचे. (तालमीत असे चालावयाचे नाही!)

शेतातही असाच एक समतोल आहे. मातीत युरियापासून अमोनियम बनते, आणि त्यातील काही भाग अमोनिया वायू होऊन उडतो. ऊन जितके कडक आणि जमीन जितकी चोपण वा चुनखडीची, तितके हे उडणे अधिक. म्हणून युरिया वरचेवर फेकून ठेवू नये. तो सरीत देऊन लगेच मातीआड करावा, किंवा त्याच दिवशी हलके पाणी द्यावे.